शिंप्याच्या घरची ओवी

जनाबाई शिंप्याच्या घरात वाढली हे आमच्या गंगाखेडात सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यावर कुणी थांबत नाही. गोदाकाठचं तिचं देऊळ, पंढरपूर, तिच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल, इथं गोष्ट संपते. मी ब्लाऊज शिवून पोट भरते आणि रात्री दुकानाचं शटर ओढलं की फोनवर गाणी करत बसते. त्यामुळे मला त्या घराचंच कुतूहल जास्त. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींकडे आली. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील, धंद्यानं शिंपी. एका कोपऱ्यात जातं, दुसऱ्यात सुई-कातर, असं ते घर असणार. नामदेवांचं एक पद शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात गेलं आहे, त्यात गज आहे, कातर आहे, सुई-दोरा आहे. जनाबाईच्या अभंगांत दळण, कांडण, केर, शेणी. ज्याच्या हाताला जे काम, तेच त्याच्या गाण्यात.

परंपरेनं नामदेवांचं मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात मोडतं. पण हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला. मी शाळेत जायच्या आधीपर्यंत हे दोघंही परभणी जिल्ह्याचेच होते. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यानं गाणं आणि शिवण एका घरात नांदवलं होतं, हे मला कुणी हिणवलं की आठवतं.

गिऱ्हाईकं विचारतात, "तुला ह्ये सुचतं कुठून?" बाहीला लावलेली आरशाची पट्टी बघून विचारतात, माझं एखादं गाणं कुणाच्या फोनवर ऐकून विचारतात. उत्तर त्यांनीच ठरवलेलं असतं: मोबाईलवरून, नाहीतर पुण्या-मुंबईहून. मोबाईलवरून सुचतं हे खोटं नाही. पण परभणीच्या पोरीची आवड वरून येते आणि ती फक्त उचलते, हे मला पटत नाही. इथल्या बायांनी आलेलं काहीच जसंच्या तसं अंगाला लावलं नाही. उसवलं, आत घेतलं, पुन्हा टीप मारली. ही रीत किती मागं जाते ते बघू गेलं की पहिल्यांदा जात्यापाशीच पोचायला होतं.

त्याआधी जनाबाईचा पदर. एका प्रसिद्ध अभंगात ती डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देते आणि तशीच भर बाजारात जायचं म्हणते. सातशे वर्षांपूर्वीच्या दासीनं कपड्याबद्दल घेतलेला हा निर्णय आहे, आणि तो तिनं स्वतःच गाण्यात घातला. तिच्या नावावर तीनशेच्या वर अभंग आहेत. सगळे तिचेच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण शेवटी "जनी" हे नाव येतं आणि ते टिकलं. पुढच्या शेकडो वर्षांत आमच्या भागातल्या बायांनी लाखो ओव्या रचल्या, नाव मात्र एकीचंही लागलं नाही.

आता जातं. माझी आजी सोनपेठकडची. तिच्या सांगण्यावरून आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारून मला जे कळलं त्यातली पहिली गोष्ट रोकडी आहे: ज्वारीचं पीठ ठेवून चालत नाही. शिळं झालं की भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण रोजचं, आणि दळण रोजचं म्हणून गाणंही रोजचं. पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, सासू-सून नाहीतर जावा-जावा. एक पाय लांब, एक मुडपलेला. खुंट्यावर दोघींचे हात. एक हात मोकळा करून जात्याच्या तोंडात मूठ मूठ वैरण घालायची. एकीनं ओढायचं, दुसरीनं तिथून उचलायचं, ओवीही तशीच. पहिली ओळ एकीची, दुसरी दोघींची. ओळ छोटी पडली तर "बाई", "माय", "सांगते गं" असले शब्द घालून फेरा भरून काढायचा. कागदावर लिहिलेली ओवी आखूड दिसते ती यामुळे, जात्यावर ती दुप्पट लांब होते. चाल सगळ्या गावाची, शब्द जिचे तिचे. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई गल्लीत आरोळी देत यायची, छिन्नी-हातोडीनं पाळ्यांना पुन्हा खरवड आणायची. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात बारीक कच येते, म्हणून आधी कोंडा-भुसा दळून टाकायचा.

जात्याचं कौतुक ज्यांनी कधी दळलं नाही तेच जास्त करतात. हाताला घट्टे पडायचे, बाळंतीणसुद्धा फार दिवस सुटायची नाही. पण दिवसभरात सासरच्या पुरुषांच्या कानाआड, स्वतःच्या तोंडानं, मनातलं बोलायची तेवढीच वेळ. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, बापानं लांब दिल्याबद्दल. सासू समोर बसली असेल तर सीतेच्या वनवासाची ओवी घ्यायची. समजणारीला समजायचं.

आणि ओवीत कपडा किती आहे! भावानं घेतलेली चोळी हा तर मोठा विषयच. कोणत्या बाजारातून खण आणला, शिंप्यानं कशी बेतली, काठ कसला, बाही कशी. चंद्रकळा येते, इरकल येतं, जरीचा काठ येतो. माहेरची चोळी मिळाली नाही तर रुसवाही ओवीतच. मला तर वाटतं, कापडावरचं इतकं बारीक लिखाण मराठीत दुसरीकडं कुठं क्वचितच असेल. आजच्या पोरी दुकानात येऊन कपड्याबद्दल जेवढ्या आत्मीयतेनं बोलतात, तेवढ्याच आत्मीयतेनं या बाया गायच्या. फरक इतकाच की त्यांना कापड निवडायची मुभा नव्हती. घेणारा भाऊ, नवरा, नाहीतर बाप. निवडायचा हक्क नव्हता म्हणून त्यांनी वर्णनाचा हक्क घेतला.

जातं एका धर्माचं नव्हतं, हे सांगायलाच हवं, कारण आमच्या जिल्ह्यातल्या अर्ध्या गल्ल्यांत ते विसरलं गेलं आहे. दख्खनी भाषेत "चक्कीनामा" आणि "चरखानामा" नावाची गाणी आहेत. विजापूरच्या सूफींनी दळणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या बायांसाठी रचलेली. रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकारानं १९७८ मध्ये आलेल्या विजापूरच्या सूफींवरच्या पुस्तकात त्यांच्यावर लिहिलं. चक्कीचा खुंटा, तिचे फेरे, पीठ, सगळ्याला अल्लाच्या नावाशी जोडलेलं. परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तिथं बांगड्यांच्या दुकानापुढं बायांची जी दाटी होते, तीत लुगडं, बुरखा आणि तांड्यावरून आलेला घागरा शेजारी शेजारी असतात.

तांड्याचं थोडं. गंगाखेड आणि जिंतूर तालुक्यांत बंजारा तांडे बरेच. म्हाताऱ्या बायांच्या अंगावर फेटिया, काचळी आणि डोक्यावर टुकरी अजून दिसते. आरसे, कवड्या, नाणी, भरतकाम. सुना-नातींनी बहुतेक साडी-ड्रेस धरला आहे. मी बाहीला जी आरशाची पट्टी लावते ती तिथून आली. तांड्यावरची एक मावशी ती करून देते, मी तिला तिनं सांगितलेले पैसे देते. घासाघीस करत नाही, कारण मला स्वतःला तसा टाका अजून साधलेला नाही.

आमच्याकडं मुंबईच्या आधी हैदराबाद पोचलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, आणि मनमाड-सिकंदराबाद रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर परभणीवरून गेली, मीटरगेज. ती रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची आणि हैदराबादला थेट जायचं. लग्नाचा बस्ता, लाखेच्या बांगड्या, अत्तर, शेरवानीचं कापड हैदराबादेहून आणणारी घरं परभणी-सेलू-मानवतात आजही सापडतात. माझ्या आजीच्या पेटीतल्या बांगड्या हैदराबादच्या होत्या. आणलेल्या कुणी, तिला माहीत नव्हतं.

सिनेमा आला तो जत्रेतल्या तंबूतून आणि तालुक्याच्या टॉकीजमधून. बायांची बसायची जागा वेगळी. आमचा जिल्हा पडद्यावर कितीदा आला म्हणाल तर बोटं पुष्कळ उरतात. प्रभातचा "संत जनाबाई" १९४९ चा, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यानंतरच्या वर्षीचा. जनाबाईच्या भूमिकेत हंसा वाडकर. मग मानवतचं खून प्रकरण. १९७० च्या दशकातल्या त्या प्रकरणावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिल्यांदा केलेला "आक्रीत" १९८१ मध्ये आला, आणि २०२४ मध्ये "मानवत मर्डर्स" ही मालिका. म्हणजे कॅमेऱ्याला परभणीची बाई दिसली ती एकतर संत म्हणून, नाहीतर खटल्याच्या कागदांत. मधली कुणीच नाही. पोस्टात पैसे भरणारी, कापूस वेचणारी, सेलूच्या कॉलेजात जाणारी, कुणी नाही.

हंसा वाडकरांचं मला मात्र अप्रूप आहे. जनाबाई करणाऱ्या या बाईनं पुढं "सांगत्ये ऐका" हे आत्मकथन दिलं, १९७० मध्ये पुस्तक झालं. संतपणाचा लेप एकदम उतरवून टाकलेलं. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये "भूमिका" केला आणि त्यात स्मिता पाटील. मी तो लॅपटॉपवर पाहिला, कथेसाठी एकदा आणि ब्लाऊजच्या बाह्यांसाठी पुन्हा. साल बदलतं तशी बाही बदलते. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या तेव्हा जीन्सवरच हातमागाची साडी गुंडाळून बसायच्या, असं सांगतात. हा किस्सा मी दुकानात सांगितला तर एक कॉलेजची पोर लगेच म्हणाली, "मग निऱ्या खोचल्या कशात, पट्ट्यात?" हा खरा शिंप्याचा प्रश्न.

जातं थांबलं ते एका दिवसात नाही. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा दळायला ज्वारीच नव्हती. रेशनवर लाल मिलो यायची, आणि बाया पहाटे जात्यावर बसायच्या ऐवजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. त्यानंतर गावोगाव वीज आणि विजेवरची पिठाची गिरणी. ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जायचं, पट्ट्याच्या आवाजात शेजारणीचंही ऐकू यायचं नाही. आजी म्हणायची, "हाताची सुटका झाली माय, पर तोंड बी बंद पडलं." घट्टे गेले त्याचा तिला आनंदच होता. पण दोघींनी समोरासमोर बसायचं कारण गेलं, ते दुसऱ्या कशानं भरून निघालं नाही.

भरून काढायचा प्रयत्न रेडिओनं केला. आकाशवाणीचं परभणी केंद्र १९६८ चं, मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ. आधी फर्माइशीची गाणी ऐकायची तर लोकांना सिलोनला कान लावावा लागे. केसकर नावाच्या आपल्याच मराठी मंत्र्यानं आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांची कोंडी केली होती, हा १९५० च्या दशकातला किस्सा जुनी माणसं अजून चवीनं सांगतात. आमच्या आईच्या पिढीला ते सोसावं लागलं नाही. तिच्या माहेरी रेडिओ चुलीपासून लांब, माजघराच्या फळीवर, वर विणलेलं झाकण. "आपली आवड"सारख्या कार्यक्रमात गाण्याआधी पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. आईनं पोस्टकार्ड पाठवलं ते धाकट्या भावाच्या नावानं. गाणं तिच्या पसंतीचं, अक्षर तिचं, नाव मामाचं. मामा तेव्हा पाळण्यातून नुकता खाली उतरलेला. पुन्हा तेच, आवड बाईची आणि नाव दुसऱ्याचं.

मग कॅसेट. टेपरेकॉर्डर लग्नात आहेर म्हणून यायला लागला आणि प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे घराघरात घुसले. वस्तीत चौदा एप्रिलला भीमगीतं. या गाण्यांच्या चाली पोरी पाठ करायच्या आणि हळदीत, डोहाळजेवणात आपले शब्द घालून म्हणायच्या. जावेचं नाव, दिराची खोड, नवरदेवाचं टक्कल. जात्यावरची रीत जात्याशिवाय जगली ती इथं. १९९१ मध्ये "माहेरची साडी" आला, विजय कोंडके यांचा, अलका कुबल नायिका. मुळात तो एका राजस्थानी सिनेमावरून केलेला. पण भाऊ, साडी, सासुरवास ही ओवीतली तिन्ही पात्रं पडद्यावर चालताना बघून बाया रडल्या. परका माल आपल्या घरचा निघाला.

शिवणकामाची गोष्ट तिथून वेगळी वाट घेते. खणाची चोळी पुढं गाठ मारायची, हातानंही शिवली जायची. मग पोलकं, झंपर आणि शेवटी ब्लाऊज. प्रत्येक टप्प्यावर हूक, अस्तर, टक्स असं काही ना काही वाढत गेलं. कलकत्त्याहून १९३० च्या दशकात उषा मशीन बाजारात आलं, आणि पुढं ते पुरुष शिंप्याच्या ओट्यावरून उचलून बायांनी घरात आणलं. आमच्याकडं निराधार, टाकलेल्या, विधवा बाईला "एक मशीन घेऊन दे" हा सल्ला ठरलेला. मी ज्यांच्याकडं क्लास केला त्या बाईंनी असंच मशीन धरलं आणि अर्ध्या गंगाखेडच्या पोरींना कातर धरायला शिकवली.

त्यांच्याकडून ऐकलेलं एक सांगते. १९९४ मध्ये "हम आपके हैं कौन" लागला आणि माधुरीची ती जांभळी साडी, मागून मोकळं ब्लाऊज. पोरी फोटो घेऊन बाईंकडं. आया मागं उभ्या. पाठ उघडी टाकायची नाही, पण माधुरीसारखंच पाहिजे. बाईंनी मागचा गळा खोल कापला, आतून त्याच रंगाचं पातळ कापड लावलं, वर नाडी आणि दोन लटकनं. लांबून मोकळं, जवळून झाकलेलं. आईचं समाधान, पोरीचंही. तो नमुना अजून माझ्या वहीत आहे, "बाईंचा माधुरी" नावानं. गंगाखेडबाहेर तसाच कुठं मी पाहिला नाही. हा मुंबईचा फॅशन डिझायनर करू शकला असता असं वाटत नाही, कारण त्याच्या मागं आई उभी नसते.

आज दुकानात काम येतं ते असं: फोनवर रील, टेबलावर मापाचं ब्लाऊज. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. रीलमधलीची बाही पफ, ब्लाऊज मावशीच्या लग्नातलं. मी आधी मापाचं ब्लाऊज उलटं करून शिलाई बघते. किती वेळा उसवलं, किती आत घेतलंय, यावरून त्या बाईचं अंग मला रीलपेक्षा जास्त कळतं. मग खडू, मग प्रिन्सेस कट का कटोरी ते ठरतं. शेवटचा शब्द गिऱ्हाइकाचा. पोरींना आता तेवढा हक्क मिळाला आहे आणि त्या तो पुरेपूर वसूल करतात.

गाण्याचंही थोडंफार तसंच. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गात घराघरांतल्या मोबाईलवर पोचल्या, मागं कुठली कंपनी नसताना. महादेव कोळी समाजातली "माही जी" ही आदिवासींच्या जंगलावर रॅप करते. या दोघींना ऐकूनच मी फोनवर रेकॉर्ड करायचं धाडस केलं. पण माझ्या ओव्या कुठून आल्या ते सांगायचं तर गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांचं नाव घ्यावं लागतं. फ्रान्समधून येऊन भारताचा नागरिक झालेला हा माणूस आणि पुण्याच्या हेमाताई, दोघांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन गावोगावच्या बायांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. मुख्य म्हणजे ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. पाथरीहून गोदावरी ओलांडली की माजलगाव. तिथल्या भीमनगरात १९९६ मध्ये बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून "पारी" या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर हा सगळा ठेवा हळूहळू येतो आहे, आवाजासकट. जनीनंतर इतक्या बायांची नावं पहिल्यांदा त्यांच्या शब्दांखाली लागली.

ते बघून मीही लिहायला घेतलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ब्लाऊज न्यायला आल्यावर बसवते, चहा सांगते. त्या म्हणतात, मी लिहून घेते, फोनही चालू ठेवते. मग नावावर भांडण. "नाव कशाला टाकायलीस? ह्या समद्याच म्हणत्यात." एक मावशी मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांनी ओवी सांगितली, मी नाव लिहिलं आणि पुढं सासरचं गाव लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि वही माझ्याकडं ढकलली. "खोड ते. माहेरचं लिही. सासरचं गाव टाकलंस तर मपल्या जावा म्हणत्याल, आमचीच हाय."